उत्तर कसब्यातला आमचा वाडा: दुरुस्त करावा की बिल्डरला द्यावा?

उत्तर कसबा

नमस्कार. सोलापूरच्या उत्तर कसब्यात माझे माहेर आहे. पणजोबांनी बांधलेले हे घर रस्त्याच्या बाजूने दुमजली आणि मागे एकमजली आहे. कमरेइतके काळ्या दगडाचे जोते, चार पायऱ्या चढून ढेळज म्हणजे दारातली देवडी, ढेळजेतून चौक, चौकाच्या तिन्ही अंगांना सोपे म्हणजे ओसऱ्या, समोरच्या सोप्यामागे माजघर आणि देवघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परसात आड अशी त्याची रचना आहे. दुमजली भागावर पत्रे आहेत, बाकी सगळ्यावर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत आहे. सोप्याचे बारा खांब सागवानी असून प्रत्येकाखाली घडीव दगडाचा तळखडा आहे.

गेल्या सप्टेंबरच्या पावसात स्वयंपाकघराची मागची भिंत कोपऱ्यातून ढासळली. त्या वेळी आत कोणी नव्हते म्हणून निभावले. त्यानंतर महापालिकेची धोकादायक बांधकामाची नोटीस आली. घरात आता माझी 78 वर्षांची आई आणि धाकटा भाऊ राहतात, पण हिस्सेदार पाच आहेत. पुण्यात स्थायिक झालेल्या दोघा चुलतभावांचे म्हणणे असे आहे की, दरवर्षी माळवदावर पैसे घालण्यापेक्षा जागा बिल्डरला द्यावी आणि प्रत्येकाने एकेक फ्लॅट घ्यावा. त्यांच्या म्हणण्यात चूक आहे असे मी म्हणत नाही. मला ते पटत नाही इतकेच, आणि न पटण्याला मायेखेरीज काही कारण माझ्यापाशी आहे का, हे मला या चर्चामंचावरच्या मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. असे घर खरोखर दुरुस्त होते का, ते काम कोणत्या क्रमाने करावे, आणि ठेवता आलेच नाही तर पाडण्यापूर्वी त्यातले काय काय नोंदवून ठेवावे, हे कृपया सांगावे. गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेची, गर्दी ओसरली की घरातली बैठक होणार आहे.

चाटी गल्ली

ताई, आमचा वाडा आम्ही अकरा वर्षांपूर्वी दिला. म्हणून खरे काय झाले ते सांगतो.

निर्णय चुकला असे मी आजही म्हणणार नाही. सहा भावांची कुटुंबे एका चौकाभोवती राहत होती, न्हाणी एकच होती आणि सुनांना त्याचा फार त्रास होता. आज प्रत्येकाचे स्वतंत्र घर आहे. परंतु पाडताना आम्ही घाई केली. बिल्डरने दारे, खांब आणि तुळया उतरवण्याचा खर्च आपण करतो असे सांगितले आणि आम्ही ते उपकार समजलो. पुढे कळले की जुन्या सागवानाचा व्यापारी आधीच येऊन सगळे मोजून गेला होता. आमच्या दिंडी दरवाजाची गणेशपट्टी दोन हात लांबीची होती. उंबरठा मध्यभागी इतका झिजला होता की त्यात पाणी साचत असे, आणि लहानपणी आम्ही त्यात चिंचोके ठेवून खेळत असू. तो उंबरठासुद्धा त्याच ट्रकमधून गेला.

तेव्हा बिल्डरला द्यायचेच ठरले, तर लाकूड, दगड आणि शहाबादी फरशी कोणाची हे करारात स्पष्ट लिहून घ्या. आणखी एक गोष्ट सांगतो. नव्या इमारतीत आमच्या आईला पहिल्या उन्हाळ्यात झोप लागली नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर जातो, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत तापलेला असतो. माजघरात ती दुपारी साधी चटई टाकून झोपत असे.

पुण्यात आहे, सोलापूरचा आहे

चुलतभावांच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे. बाहेरगावी राहणाऱ्या हिस्सेदाराला घराचे फक्त दोन अनुभव येतात, दुरुस्तीसाठी पैसे मागणारा फोन आणि सणाला आल्यावर झोपायला नसलेली जागा. त्याला जर घरात एक खोली, तिचे कुलूप आणि किल्ली मिळाली, तर त्याचे मत बदलू शकते. आमच्याकडे तसे झाले.

बांधकाम अभियंता

मी गेली बावीस वर्षे या क्षेत्रात काम करतो. गावठाणातील पुष्कळ घरे मी पाडण्याचा सल्ला दिला आहे आणि काही वाचवलीही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम नोटीस पूर्ण वाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खालील नोटीस असेल, तर त्यात पाडणे हा एकच मार्ग नसतो. बांधकाम सुरक्षित करणे आणि दुरुस्त करणे हेही त्या कलमात आहे. लोक नोटीस पाहतात, घाबरतात आणि 'पाडायला सांगितले' असे सगळ्यांना सांगत सुटतात. मान्यताप्राप्त संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घ्या, त्याचा अहवाल जोडून लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

आता माळवदाविषयी. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे बारीक वासे, कड्यांवर आडव्या लाकडी चिपा, त्यावर निंबाचा पाला किंवा तत्सम थर आणि सर्वांत वर पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणातली पांढरट माती अशी त्याची बांधणी असते. ही माती भिजली की फुगते, फटी मिटतात आणि पाणी खाली येत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून पावसाआधी वरून नवी माती पसरून चोपण्याची रीत आहे. खरा धोका या रीतीतच दडलेला आहे. जुना भेगाळलेला थर खरवडून काढायचा आणि तेवढीच नवी माती घालायची हा मूळ नियम होता. पुढे खरवडणे राहून गेले आणि घालणे तेवढे चालू राहिले. वीतभर माती दोन-तीन पिढ्यांत दोन फूट होते. दोन फूट जाडीच्या मातीचे वजन एका चौरस फुटाला सुमारे 90 किलो भरते. पाच फूट बाय दहा फुटांच्या एका खणावर, म्हणजे दोन तुळयांमधल्या छताच्या भागावर, साडेचार टन ओझे झाले, आणि पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. पणजोबांनी तुळई निवडली ती या ओझ्यासाठी नव्हे.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 10 हजार माणसे गेली. त्यांतील बहुसंख्य माणसे झोपेत, दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली सापडली. मी तेव्हा विद्यार्थी होतो आणि मदतीला गेलो होतो. त्यामुळे माळवदाच्या घराबद्दल कोणी हळवे होऊन लिहू लागले की मला आधी ते ढिगारे आठवतात. आपल्या आईसाहेब त्या छताखाली झोपतात हे विसरू नये, एवढीच विनंती.

भुईकोट

अभियंता साहेबांच्या भावनेविषयी पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट मांडतो. किल्लारीच्या परिसरात पडलेल्या भिंती बहुतेक अनघड, गोलसर दगडांच्या आणि चिखलात बांधलेल्या होत्या. आतले आणि बाहेरचे तोंड वेगवेगळे रचून मधे भर घातलेली होती, आणि दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार दगड घातलेला नव्हता. हादऱ्याने ती तोंडे फाकली. पण ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर नसून खांब-तुळयांवर होता, तिथे भिंती कोसळूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे त्याच गावांत सापडली. ताईंच्या घराचे बारा खांब तळखड्यांवर उभे आहेत. मग पडलेला कोपरा हा भिंतीचा दोष आहे की छताचा, हे पाहिल्याशिवाय सगळ्या घराला धोकादायक ठरवणे योग्य नाही.

बांधकाम अभियंता

आपले म्हणणे बरोबर आहे, आणि मी ते लिहायला हवे होते. खांबांवर भार असलेले खण आणि भिंतीवर भार असलेले खण वेगळे मोजले पाहिजेत. जुन्या घरांत पुढचे सोपे खांबांवर असतात, तर मागचे स्वयंपाकघर पुष्कळदा थेट भिंतीवर पेललेले असते. ताई, आपली पडलेली भिंत यांपैकी कोणती?

मजबुतीकरणाचे जे उपाय किल्लारीनंतर सांगितले गेले, ते आजही लागू आहेत. मातीचा थर 20 सेंटिमीटरपर्यंत उतरवावा, म्हणजे चौरस फुटाचे ओझे 90 किलोंवरून 30 किलोंवर येते. खांब आणि तुळई जिथे भेटतात त्या कोनात तिरपे आधार द्यावेत, म्हणजे सांगाडा एका बाजूला कलंडत नाही. जाड भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा सळईचे जोड घालावेत.

उत्तर कसबा

स्वयंपाकघराची भिंत, आणि छत थेट तिच्यावरच होते. एक गोष्ट आधी सांगायची राहिली. सहा-सात वर्षांपूर्वी त्या भिंतीला आतून ओल येत होती म्हणून एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून आम्ही आतबाहेर सिमेंटचा गिलावा केला आणि माळवदावरही सिमेंटचा कोबा घातला. दोन वर्षे सगळे छान दिसले.

गवंडी घराणे

ताई, तुमचे घर त्या कोब्याने पाडले.

भावाच्या नात्याने सांगतो, राग मानू नये. माझे आजोबा आणि वडील दोघेही याच कामात होते. पांढरीच्या मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटा, आणि दगड यांची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि वाऱ्याला देऊन टाकते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो. सिमेंटने दोन्ही तोंडे बंद केली की पाणी आतच राहते, भेंडे विरघळतात आणि बाहेरून भिंत टणक वाटत राहते. कोब्याचेही तेच आहे. माळवद उन्हात आणि पावसात हलते, कोबा हलत नाही, म्हणून त्याला केसासारखी चीर जाते. त्या चिरेतून गेलेले पाणी परत वर येऊन वाळू शकत नाही, आणि कडीचे भिंतीत गेलेले टोक कुजते. कडी मधे धडधाकट दिसते, पण टोकाला भुसा झालेली असते.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. प्रत्येक कडी आणि तुळई भिंतीत शिरते तिथे हातोडीने हलकेच ठोकून पाहा. जिवंत लाकूड खणखणीत वाजते, मेलेले बद्द वाजते. मग टोच्या घेऊन त्याच जागी दाबा. नखाइतका शिरला तर चालेल, बोटभर शिरला तर ती कडी बदलायची. प्रत्येक खणाला आकडा द्या आणि वहीत लिहा. माझे वडील खडूने कडीवरच फुली मारत असत. त्या फुल्या मोजल्या की खर्चाचा अंदाज येतो.

मंगळवार पेठ

चुना आता कोण मळून देणार? घाणी राहिल्या आहेत का?

गवंडी घराणे

बैलाची घाणी शोधत बसू नका. चुनकळी विझवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावी आणि मग वाळूबरोबर घोटावी. गूळ आणि बेलफळाचे पाणी घालण्याची जुनी रीत आहे, तीही करता येते. वेळ लागतो हाच काय तो अडथळा आहे. आज चुना आणून उद्या गिलावा करणारा गवंडी मिळाला, तर त्याला काम देऊ नका.

बेळकिंडी

हा धागा वाचून मला राहवले नाही. आम्ही कानडी बोलणारे, बाळीवेशीजवळचे. आमच्या घराला आम्ही 'माळिगे मने' म्हणतो, म्हणजे माळवदाचे घर. तुमचा सोपा तो आमचा 'पडसाले', तुमचे परस ते 'हित्तल', तुळई ती 'तोले' आणि कड्या त्या 'जंती'. माझे नाव ज्यावरून घेतले ती 'बेळकिंडी' म्हणजे माळवदात ठेवलेले उजेडाचे भोक, ज्याला मराठीत साणे म्हणतात. माझी सासू घड्याळ न पाहता स्वयंपाक करत असे. बेळकिंडीतून पडलेला उन्हाचा कवडसा जात्यापाशी आला की ती भाकरी थापायला बसे आणि उतरंडीपाशी पोहोचला की शेतावरच्या माणसांचे जेवण बांधून तयार असे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात कवडशाची वाट वेगळी असते, तीही तिला पाठ होती. ताई, काय नोंदवून ठेवावे असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या आईंना विचारून त्यांच्या घरातल्या उजेडाची ही वाट लिहून ठेवा. नकाशात ती येत नाही.

आणखी एक. तुमचे घर उत्तर कसब्यात आहे. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वर यात्रेसाठी हिरेहब्बू वाड्यातून सातही नंदीध्वज निघतात, 68 लिंगांना तैलाभिषेक होतो आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या मिरवणुकीच्या वाटेवरची घरे आणि त्यांचे सज्जे हेही त्या यात्रेचे अंग आहेत. आमच्या सासूबाई सज्जातून हात जोडत आणि खाली रस्त्यावरून 'हर्र बोला हर्र' घुमत असे. आता त्या जागी दुकानांच्या पाट्या आहेत.

साखर पेठ

सर्वांचे वाचून आनंद झाला, पण माझा एक आक्षेप नोंदवतो. जुने घर म्हटले की आपण ढेळज, चौक आणि नक्षीच्या खांबांवर येतो. सोलापुरातील अर्धी जुनी घरे तशी नाहीत. पूर्व भागातील आम्हा पद्मशाली विणकरांचे घर म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली, तिच्यात माग, मागे स्वयंपाक आणि वर पोटमाळा. माझ्या आजोबांचा खड्डा माग होता. आमच्या तेलुगूत त्याला 'गुंट मग्गम' म्हणतात. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून बसायचे, पायांनी पावडी दाबायची आणि हातांनी धोटा फेकायचा. सूत कोरडे पडले तर तुटते, म्हणून खोलीत ओलावा आणि सावली हवी. त्यामुळे जमीन सारवलेली, खिडक्या लहान आणि उजेड नेमका मागावर पडेल अशा जागी. ही सगळी वास्तुरचनाच आहे, फक्त तिच्यात नक्षी नाही.

सोलापुरी चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु ती कला ज्या घरांत वाढली त्यांतले एखादे घर मागासकट जपून ठेवावे असे कोणी म्हणत नाही. आमच्या खोलीतला खड्डा वडिलांनी यंत्रमाग आणताना मुरूम घालून बुजवला. पावसाळ्यात फरशी तेवढ्याच चौकोनात आजही घाम सोडते. तेवढीच त्याची खूण उरली आहे.

भुईकोट

साखर पेठ, आपला आक्षेप मी मान्य करतो, आणि इतकी वर्षे या विषयावर लिहूनही माझ्या मनात हे आले नाही याचे वाईट वाटते. रेल्वे 1860 मध्ये आली, 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, आणि त्यानंतरचे सोलापूर हे गिरणी आणि माग यांनी घडवले आहे. कसब्यातील वाड्यांवरही त्याच काळाच्या खुणा दिसतात. आमच्या घरात मागची बाजू माळवदाची आहे, पण पुढचा मजला लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी असा आहे. शहाबादी फरशीचेही तसेच. शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर वाडी जंक्शनच्या अलीकडे, त्यामुळे ती फरशी इथे घरोघरी गेली. एकाच घरात अशा दोन काळांची बांधणी शेजारी शेजारी पाहायला मिळते, म्हणून कोणता भाग कधीचा हे ठरवूनच दुरुस्ती करावी.

ताई, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यापासूनचे अंतरही मोजून घ्या. तो केंद्र संरक्षित स्मारक आहे, आणि अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला 2010 च्या दुरुस्तीनंतर मनाई आहे, आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. दुरुस्तीला परवानगी घेऊन वाव आहे. घर पहिल्या 100 मीटरांत येत असेल, तर बिल्डरने दाखवलेले मजले कागदावरच राहतील.

मंगळवार पेठ

ही माहिती बैठकीत पहिल्यांदा सांगा.

जुना भाडेकरू

या चर्चेत भाडेकरू कुठेच आले नाहीत, म्हणून लिहितो. मी चौपाडाजवळच्या एका वाड्यात जन्मलो आणि पन्नास वर्षे तिथेच राहिलो. आम्ही सात बिऱ्हाडे होतो. भाडे 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जिथे थांबले होते तिथेच होते, आणि 1999 चा नवा कायदा आल्यावरही फार हलले नाही. महिन्याला साठ-सत्तर रुपये घेणारा मालक माळवदावर हजारो रुपयांची माती का घालील? मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा अशी तरतूद आहे, पण साठ रुपयांतून वळते काय करणार? त्यामुळे मालक वाडा पडण्याची वाट पाहत राहिले आणि आम्ही ताडपत्री टाकत राहिलो. एका आषाढात मधला सोपा बसला. माणसे वाचली, पण सात बिऱ्हाडे सात दिशांना गेली.

वाडे माळवदाच्या ओझ्याने पडले हे खरे आहे. पण खरवडणारा हात वर का गेला नाही, याचे कारण त्या साठ रुपयांत आहे. ताई, तुमच्या घरात भाडेकरू नाहीत आणि आई-भाऊ स्वतः राहतात, ही तुमची फार मोठी जमेची बाजू आहे.

चाटी गल्ली

जुना भाडेकरू यांचे म्हणणे माझ्या मनाला लागले. आम्ही मालक होतो. आमच्याकडेही तीन बिऱ्हाडे होती आणि आम्ही माती घातली नाही.

पुण्यात आहे, सोलापूरचा आहे

शहरात टिकलेली मोठी घरे पाहा. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेल्या इंद्रभुवनात महापालिकेचे कार्यालय आले म्हणून ते टिकले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर महापालिकेने स्मारक म्हणून जतन केले. सामान्य माणसाच्या घराला असा वाली कुठून मिळणार?

बेळकिंडी

सामान्य घराला राहणारी माणसे हाच वाली असतो. आमचे घर स्मारक नाही, तरी उभे आहे, कारण दर वैशाखात माझे पती आणि दीर स्वतः वर चढून जुना थर खरवडतात. पांढरीची माती आता सहज मिळत नाही, म्हणून निघालेलीच माती चाळून, भिजवून परत घालतात. दोन माणसांचे चार दिवसांचे काम आहे.

गवंडी घराणे

बेळकिंडी ताईंच्या घरी जे करतात तेच बरोबर आहे. ताई, तुमच्याकडे मात्र साचलेली माती एकदम उतरवायची आहे, म्हणून क्रम सांगतो. आधी खालून प्रत्येक तुळईच्या मध्याला टेकू द्या. मग माती छताच्या मध्यापासून कडांकडे, दोन्ही बाजूंनी सारखी, पाटीपाटीने उतरवा. एका बाजूचा सगळा भार आधी काढला की सांगाडा दुसऱ्या अंगाला ओढतो. काढलेल्या मातीचा ढीग माळवदावरच करू नका. हे सांगण्याचे कारण असे की, एका ठिकाणी तसे करताना मी स्वतः छत बसलेले पाहिले आहे. आणि हे सगळे मृगाच्या आत संपले पाहिजे.

उत्तर कसबा

मंडळी, साडेतीन महिन्यांनी लिहीत आहे. आपण सर्वांनी जे सांगितले ते मी छापून बैठकीला घेऊन गेले होते, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

संरचना अभियंत्यांनी दोन दिवस पाहणी केली. भावाने आणि मी हातोडी व टोच्या घेऊन आधीच खणाखणांची वही केली होती. एकूण अठरा खणांपैकी भिंतीवर भार असलेले चार खण, म्हणजे स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली कोठी, वाचवण्यापलीकडे गेले होते. तिथल्या नऊ कड्यांत टोच्या बोटभर शिरला. खांबांवरच्या चौदा खणांत फक्त तीन कड्या आणि एक तुळई खराब निघाली. महापालिकेला अहवालासह उत्तर दिले आणि दुरुस्तीचे काम सुरू केले. स्वयंपाकघर पूर्ण उतरवून त्या जागी पक्क्या विटांची एकमजली बांधणी आणि आधुनिक न्हाणी होत आहे. चाटी गल्ली यांनी लिहिलेला सुनांचा त्रास आमच्याही घरात होता, हे आईनेच बैठकीत सांगितले.

माती उतरवण्याचे काम मी माळवदावर उभी राहून पाहिले. कोबा फोडल्यावर खाली जी माती निघाली तिच्या कापलेल्या कडेला पट्टे दिसत होते, एक पांढरट, एक राखी, मग पुन्हा पांढरट. गवंड्याने ते बोटाने मोजले, तेरा भरले. आई जिन्यात बसून होती. चौथ्या पट्ट्यात काळ्या खापऱ्यांचे तुकडे निघाले, तेव्हा ती म्हणाली की तिच्या लग्नाच्या वर्षी माती कमी पडली म्हणून सासऱ्यांनी फुटक्या घागरी कुटून घातल्या होत्या. मध्यावर जाडी सव्वादोन फूट होती. आता ती आठ इंच आहे. ओझे उतरल्यावर मधल्या सोप्याची तुळई, जी माझ्या लहानपणापासून पोट काढून होती, ती सुताराने दोरी लावून मोजली तर बोटभर वर आली होती.

पुण्याच्या थोरल्या चुलतभावाला पुढच्या मजल्यावरची खोली दिली आहे आणि किल्ली त्याच्याकडे आहे. तो पाडव्याला मुलांना घेऊन राहून गेला. धाकट्याने अजून संमतीची सही केलेली नाही, त्याच्याशी बोलणे चालू आहे. साखर पेठ यांचे वाचून भावाने कोठीतले जुने सामान नीट पाहिले, तेव्हा सूत उकलण्याचा एक रहाट सापडला. पणजी सूत उकलून देत असे, ही गोष्ट आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती. तो जपून ठेवला आहे.

एक शंका शिल्लक आहे. कोबा घालताना माजघराचे साणे बुजवले होते, ते पुन्हा उघडले आहे. बेळकिंडी ताई, पावसात त्यावर काय झाकावे? सुतार काच बसवा म्हणतो.

बेळकिंडी

फार समाधान वाटले. काच कायमची बसवू नका, माजघरातली गरम हवा तिथूनच बाहेर जाते. साण्याच्या तोंडाभोवती चुन्यात एक वीत उंच कडा बांधून घ्या, म्हणजे माळवदावरचे पाणी आत उतरत नाही. वर शहाबादीचा पातळ तुकडा ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे, पण तो सरकवायला वर जावे लागते. त्याऐवजी बिजागरीवर पत्र्याचे झाकण करून घ्या आणि त्याची दोरी खाली माजघरात सोडा, म्हणजे पाऊस आला तरी आईंना जिना चढावा लागणार नाही.

उत्तर कसबा

दोरी देवघराच्या खुंटीला बांधायला सांगते. सुतार उद्या सकाळी येतो आहे.